धाप आणि धास्ती : एक प्रस्तावना

फुप्फुसांचा जुनाट आजार असलेला माणूस डॉक्टरांसमोर बसला की प्रश्न ठरलेले असतात. खोकला किती, कफाचा रंग कसा, जिना चढताना दम लागतो का, पंप नियमित घेता का? मग छातीला स्टेथोस्कोप, बोटाला ऑक्सिमीटर आणि सोय असेल तिथे स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी. कागदावर आकडे उमटतात, औषधे लिहून दिली जातात, पुढची तारीख मिळते. तुमचा दिवस कसा जातो, रात्री झोप लागते का, घरात एकटे असताना भीती वाटते का, हे बहुधा कोणी विचारत नाही. रुग्णही आपण होऊन सांगत नाही, कारण ही छातीच्या डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असे त्याला वाटत नाही. न विचारल्या गेलेल्या या प्रश्नांसाठी हे पुस्तक आहे.

विषयाची व्याप्ती आधी पाहू. धाप लागणाऱ्या प्रत्येकाला दमेकरी म्हणायची आपल्याकडे सवय आहे, पण हे आजार अनेक आहेत आणि त्यांच्या चाली निरनिराळ्या आहेत. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस अगदी ठणठणीत दिसू शकतो. सीओपीडीमध्ये श्वासनलिकांचा अरुंदपणा कायमचा राहतो आणि वर्षागणिक वाढत जातो. फायब्रोसिसमध्ये फुप्फुसे आतून जाड आणि ताठर होतात, कोरडा खोकला पाठ सोडत नाही आणि चार पावलांत दम संपतो. ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये रुंदावलेल्या श्वासनलिकांत कफ साचून राहतो, आणि चारचौघांत सारखे थुंकावे लागण्याची लाज माणसाला घरात कोंडून ठेवते. क्षयरोग औषधांनी बरा झाल्यावरही अनेकांच्या फुप्फुसांची कायमची हानी झालेली असते. खडी फोडणाऱ्यांच्या छातीत सिलिकाची धूळ बसते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये साप्ताहिक सुट्टीनंतर कामगार कामावर परतला की छाती आवळून येते. मुंबईच्या कापड गिरण्यांमधल्या कामगारांत केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचा अभ्यास केला होता. या सगळ्या आजारांना जोडणाऱ्या गोष्टी दोन : ते बहुधा आयुष्यभर सोबत राहतात आणि ते श्वासावर घाला घालतात.

आपल्या देशात हा प्रश्न किती मोठा आहे, ते ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या राज्यवार अभ्यासातून दिसते. त्यानुसार भारतात १९९० मध्ये सीओपीडीचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. त्या वर्षी जगाच्या लोकसंख्येपैकी १८ टक्के लोक भारतात राहत होते, पण जुनाट श्वसनविकारांमुळे जगभरात वाया गेलेल्या निरोगी आयुष्यवर्षांपैकी ३२ टक्के एकट्या भारतात वाया गेली. कारणांची वाटणी आणखी बोलकी आहे. भारतातल्या सीओपीडीच्या भारापैकी ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, २५.४ टक्के तंबाखूचा आणि १६.५ टक्के कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा होता. सीओपीडी म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याचा आजार, हे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातले चित्र आपल्याकडे अपुरे पडते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मधल्या लेखात हा मुद्दा ठळकपणे मांडला : धूम्रपान कधीही न केलेल्यांतही सीओपीडी मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि विकसनशील देशांत चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे.

म्हणून आपल्या रुग्णाचा चेहरा पुष्कळदा साठीतल्या बाईचा असतो. जन्मभर लाकूडफाटा, गोवऱ्या, तुराट्या जाळून तिने स्वयंपाक केलेला असतो. विडी-सिगारेटला हात लावलेला नसतो, त्यामुळे आपल्या फुप्फुसांना काही झाले असेल असे तिच्या आणि घरच्यांच्या मनातही येत नाही. दम लागतो तो वयामुळे, वजनामुळे, अशक्तपणामुळे, असे सगळे धरून चालतात. निदानाला वर्षे लागतात.

अशा बाईची सकाळ जवळून पाहावी. सगळ्यांत अवघड काम म्हणजे आंघोळ. मोरीत पाटावर वाकून बसले की पोट वर दाबले जाते आणि श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. डोक्यावर पाणी घ्यायला हात वर केले की खांद्यांचे आणि मानेचे स्नायू त्या कामाला लागतात. हेच स्नायू एरवी तिला श्वास घ्यायला मदत करत असतात. कोंदट मोरीत वाफ साठते. दोन तांब्यांनंतर ती थांबते, गुडघ्यांवर कोपरे टेकून श्वास जुळवते. पुढे केस विंचरणे, निऱ्या घालणे, पदर खांद्यावर घेणे, सगळी हात वर करायची किंवा वाकायची कामे. ‘चालताना त्रास होतो का?’ असे विचारले तर ती ‘नाही’ म्हणेल, कारण तिने चालणे कधीच कमी केलेले आहे. देवळात जाणे सुटले, लग्नाकार्याला जाणे सुटले, माहेर सुटले. उदबत्ती, अत्तर, फोडणीचा ठसका, दिवाळीचे फटाके, यांतले काहीही जिवावर बेतू शकते या धास्तीने तिचे जग दोन खोल्यांवर येते. तिचा स्पायरोमेट्रीचा अहवाल यांतले काहीच सांगत नाही.

श्वास कोंडण्याचा अनुभव इतर दुखण्यांपेक्षा वेगळा आहे. गुडघा दुखला म्हणून मरणाची भीती वाटत नाही. श्वास कोंडला की वाटते, आणि ती वाटणे स्वाभाविक आहे. शरीराची ही सर्वांत जुनी धोक्याची सूचना आहे. अडचण अशी की जुनाट आजारात ही सूचना वारंवार मिळते आणि दर वेळी ती खरी आणीबाणी असतेच असे नाही. भीतीने श्वास उथळ आणि जलद होतो. ज्याच्या श्वासनलिका अरुंद आहेत त्याला पूर्ण उच्छ्वास सोडायला वेळ लागतो. घाईने श्वास घेतला तर आधीची हवा बाहेर पडण्यापूर्वीच नवी आत येते, छातीत हवा साठत जाते आणि धाप आणखी वाढते. धाप वाढली की भीती वाढते. हे एक चक्र झाले. दुसरे चक्र हळू फिरते, पण अधिक नुकसान करते. दम लागेल या भीतीने माणूस हालचाल टाळतो, पायांचे स्नायू बारीक होतात, मग पूर्वी झेपणाऱ्या कामालाही जास्त श्वास लागतो. तिसरे चक्र एकटेपणाचे. बाहेर जाणे थांबले, कमाई थांबली, घरात आपण ओझे झालो ही भावना घर करते, आणि उदास मनाचा माणूस औषध घेत नाही, जेवत नाही, विडी सोडायला प्रवृत्त होत नाही. केंब्रिजच्या उपशामक सेवेतील, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या सेवेतील, तज्ज्ञांनी अशी चक्रे श्वासोच्छ्वास, विचार आणि कार्यक्षमता अशा एकाच आराखड्यात मांडली आहेत. रुग्णाला आणि घरच्यांना कागदावर काढून दाखवता येईल इतका हा आराखडा सोपा आहे, आणि तसा तो दाखवला जावा.

अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या तर सीओपीडीच्या दर चार रुग्णांपैकी साधारण एकाला नैराश्याची लक्षणे असतात; हा आजार नसलेल्यांमध्ये हे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. तरीही ती ओळखली जात नाहीत. थकवा, झोपमोड, भूक मंदावणे, कशात मन न लागणे ही फुप्फुसाच्या आजाराचीही लक्षणे आहेत आणि नैराश्याचीही. छातीचा डॉक्टर ती छातीच्या खात्यावर टाकतो. झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ साली रुग्णालयातल्या रुग्णांसाठी चिंता आणि नैराश्य मोजणारी चौदा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, तेव्हा शारीरिक लक्षणांचे प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवले, ते याच घोटाळ्यामुळे.

या विषयाच्या इतिहासात दोन टोके दिसतात. १८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी स्पायरोमीटर लोकांसमोर आणला आणि फुप्फुसांची क्षमता आकड्यांत मावू लागली. पुढची शंभर वर्षे आकड्यावरचा विश्वास वाढत गेला. दुसरीकडे विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर यांच्या मनोदैहिक विचारधारेने दम्याचे मूळ थेट मनात शोधले. आईपासून दुरावण्याची भीती आणि दाबून ठेवलेले रडणे दम्याच्या रूपाने बाहेर पडते, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो पुढे टिकला नाही. दम्यात श्वासनलिकांना सूज असते आणि ती औषधाने उतरते, हे सिद्ध झाले. पण त्या सिद्धान्ताची सावली अजून रेंगाळते. ‘तुझा दमा मानसिक आहे’ असे आजही सुनेला, शाळकरी मुलीला सर्रास ऐकवले जाते. फुप्फुस खरे, मन खोटे. किंवा सगळे मनाचे, फुप्फुसाचे काही नाही. या दोन्ही टोकांनी रुग्णाचे नुकसानच केले आहे.

मधली वाट चार दिशांनी तयार झाली. पहिली मोजमापाची. वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांचा अभ्यास करताना चार्ल्स फ्लेचर यांनी धाप मोजण्याची श्रेणी तयार केली. तिच्यात यंत्र नव्हते. सपाटीवर बरोबरीच्या माणसांसोबत चालता येते का, कपडे बदलताना दम लागतो का, असे प्रश्न होते. थोड्या बदलांसह ती श्रेणी आजही वापरात आहे. १९८० मध्ये अमेरिकेत आणि १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या ऑक्सिजनच्या दोन प्रसिद्ध चाचण्यांनी दाखवून दिले की रक्तातला ऑक्सिजन फार कमी असलेल्या रुग्णांचे आयुष्य दिवसाचे बरेच तास ऑक्सिजन दिल्याने वाढते. अमेरिकेतल्या चाचणीत रुग्णांची मनःस्थिती आणि दैनंदिन जीवनही तपासले गेले होते. आयुष्य वाढले, पण कसले आयुष्य, हा प्रश्न तिथून शास्त्राच्या चर्चेत पक्का बसला. १९८७ मध्ये कॅनडाच्या गॉर्डन गायट यांची प्रश्नावली आली. तिच्यात धाप आणि थकव्याच्या जोडीला भावना, आणि आजारावर आपला काही ताबा आहे असे रुग्णाला वाटते का, हे मोजले जाते. १९९२ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातून पॉल जोन्स यांची पन्नास प्रश्नांची प्रश्नावली आली, आणि २००९ मध्ये आठच प्रश्नांची, शून्य ते चाळीस गुणांची सीएटी चाचणी. या साधनांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली : स्पायरोमेट्रीचा आकडा आणि रुग्णाच्या जगण्याची प्रत यांचा संबंध सैल आहे. सारख्याच आकड्याच्या दोघांपैकी एक बाजारहाट करतो, दुसरा अंथरूण सोडत नाही. सीओपीडीच्या जागतिक मार्गदर्शिकेने २०११ पासून रुग्णाच्या सांगण्याला आकड्याशेजारी जागा दिली, ती या पुराव्यामुळे.

दुसरी दिशा पुनर्वसनाची. धाप लागणाऱ्याने पडून राहावे, हा एके काळी वैद्यकीय सल्लाच होता. न्यूयॉर्कचे आल्व्हन बराक यांनी १९५० च्या दशकात आणि डेन्व्हरचे थॉमस पेटी यांनी १९६० च्या दशकात त्याच्या उलट जाऊन रुग्णांना चालायला लावले. आज श्वसन-पुनर्वसन म्हणजे मोजून-मापून वाढवलेला व्यायाम, श्वासाचे तंत्र, आहार, आजाराची समज आणि मनाला आधार, असा काही आठवड्यांचा कार्यक्रम. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या समीक्षेत ६५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. धाप, थकवा, भावनिक स्थिती आणि ताबा असल्याची जाणीव या चारही बाबतींत त्याचा स्पष्ट फायदा दिसला. फुप्फुसे होती तशीच राहतात, स्पायरोमेट्री फारशी हलत नाही, आणि तरी माणूस बरा जगू लागतो. या सगळ्या विषयाचे सार मला या एका निष्कर्षात दिसते.

तिसरी दिशा मानसोपचाराची. १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी मांडले की शरीरातल्या संवेदनांचा भयंकर अर्थ लावल्याने घबराटीचा झटका येतो. धाप लागणाऱ्यांना ही मांडणी चपखल लागू पडली, आणि विचार व वर्तन यांवर काम करणारे उपचार त्यांच्यासाठी बेतले गेले. निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलच्या प्रशिक्षित परिचारिकांनी दिलेल्या अशा उपचारांनी चिंता कमी झाली. नंतरच्या ‘टँडेम’ या मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. औषधांचेही तेच. मिर्टाझापीन या नैराश्यावरील औषधाने तीव्र धाप कमी होईल अशी आशा होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ती फोल ठरवली. नैराश्य असेल तर त्यावर औषध जरूर द्यावे, पण धापेवरचा उपाय म्हणून ते देऊ नये, एवढे आज म्हणता येते.

चौथी दिशा उपशामक सेवेची. कॅन्सरच्या वेदनेत शरीर, मन, कुटुंब आणि जगण्याचा अर्थ हे सारे गुंतलेले असते, असे सिसिली साँडर्स यांनी शिकवले. तोच विचार पुढे धापेला लावला गेला. चेहऱ्यावर हातातल्या छोट्या पंख्याचा वारा घेतल्याने धापेची जाणीव कमी होते, हे याच परंपरेने चाचणी घेऊन दाखवले. आणि तत्त्वज्ञानातून हावी कॅरेल यांचा आवाज आला. फुप्फुसांचा एक दुर्मीळ आजार झालेल्या या प्राध्यापिकेने २००८ च्या ‘इलनेस’ या पुस्तकात मांडले की आजारी शरीर बाहेरून तपासणे वेगळे आणि त्या शरीरात राहणे वेगळे. वैद्यकाला दोन्ही कळायला हवे.

भारतात या विषयाची वाट औद्योगिक दुर्घटना, कामगारवस्त्या आणि क्षयरोगाच्या वॉर्डांमधून जाते. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो फुप्फुसे जाळली. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आधाराने वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याचेही अभ्यास झाले आणि मनाचा त्रास मोठ्या प्रमाणावर असल्याचे नोंदले गेले. फुप्फुस आणि मन यांना एकाच वेळी इजा होते, हे आपल्या देशाला कळायला तेवढा पुरावा पुरेसा होता. आपल्याकडे योगाची परंपराही आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. संथ, लांब उच्छ्वास आणि ओठ चंबूसारखे करून हवा सोडणे, यांचा धापेत खरा उपयोग होतो. मात्र पुस्तकात वाचून श्वास रोखून धरण्याचे प्रकार तीव्र आजाराच्या माणसाने करू नयेत. पंप बंद करून केवळ प्राणायामावर विसंबण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो धोकादायक आहे.

परदेशातून आलेली साधने जशीच्या तशी वापरताना काय होते, याचे एक उदाहरण पुरे. सेंट जॉर्जेसच्या प्रश्नावलीत बर्फ फावड्याने उपसणे, टेनिस खेळणे, पोहणे अशी कामे विचारली आहेत. बीडच्या किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला विचारायचे तर हापशावरून पाणी आणता येते का, चुलीपुढे बसवते का, ऊसतोडीला जाणे केव्हा थांबले, बसची पायरी चढता येते का, आणि रात्री शौचाला बाहेर जायची भीती वाटते का, हे विचारायला हवे. बाईला तर वेगळेच विचारावे लागते, कारण स्वतःच्या त्रासाला ती घरकामाच्या मापानेच मोजते.

हे पुस्तक आत्ताच का, याची उत्तरे आपल्या भोवतीच आहेत. लोकांचे आयुर्मान वाढले आहे आणि जुनाट आजारांसोबत जगण्याची वर्षेही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला की नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘बरा’ असा शेरा पडतो, पण धाप तशीच राहते आणि समाजाने टाकल्याची जखमही. कोविडने धडधाकट माणसांनाही श्वास कोंडणे म्हणजे काय ते दाखवले, घरोघरी ऑक्सिमीटर आणले आणि दर दहा मिनिटांनी त्यातला आकडा पाहण्याची चिंताही आणली. फायब्रोसिस ज्यांत येतो त्या आयएलडी गटातल्या फुप्फुसविकारांच्या भारतातल्या पहिल्या मोठ्या नोंदणीत सुमारे निम्म्या रुग्णांचा आजार श्वासावाटे गेलेल्या सेंद्रिय कणांच्या अ‍ॅलर्जीतून आलेला आढळला; एअर कूलर आणि पक्षी यांचा संपर्क अशा रुग्णांत वारंवार आढळला. मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून २०२५ साली जो वाद पेटला, त्यात श्रद्धेबद्दल खूप बोलले गेले, फायब्रोसिस झालेल्या माणसाच्या रात्रीबद्दल फारच थोडे.

उपचारही मनावर परिणाम करतात, हे रुग्णाला कोणी सांगत नाही. पंपातल्या साल्ब्युटामॉलने हात थरथरतात आणि छातीत धडधडते. आधीच घाबरलेल्याला तो झटकाच वाटतो. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडने झोप उडते, मन कधी फार वर तर कधी फार खाली जाते. दम्यावरील मॉन्टेलुकास्ट या गोळीच्या मानसिक दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. याउलट चिंतेवर सहज दिल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या तीव्र सीओपीडीत श्वासाची गती मंदावू शकतात. ही औषधे वाईट नाहीत. पंपाने कोट्यवधी लोक जगत आहेत. पण फुप्फुसांचे आणि मनाचे औषध देणारे दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नसतील तर मधल्या फटीत रुग्ण सापडतो.

व्यवस्थेतही हीच फट आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीओपीडी आहे, मानसिक आरोग्यासाठी जिल्हा कार्यक्रम आहे, ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची मोफत सेवाही आहे. पण धाप लागणाऱ्याला या तिन्हींशी जोडणारा दुवा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. चार पावले न चालू शकणारा फुप्फुसाचा रुग्ण त्यांत बसत नाही. श्वसन-पुनर्वसन मोजक्या शहरी रुग्णालयांत मिळते. त्याला लागणारी सामग्री मात्र खर्चीक नाही : तीस मीटरचा मोकळा व्हरांडा, घड्याळ, ऑक्सिमीटर, पाण्याने भरलेल्या बाटल्यांची वजने आणि शिकवणारा फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिका. तालुक्याच्या रुग्णालयात हे उभे राहू शकते. ते राहत नाही, कारण धापेसोबत जगणाऱ्याच्या जगण्याची प्रत ही आरोग्यसेवेची जबाबदारी आहे, हे आपण अजून मानलेले नाही.

या पुस्तकाने हाती घेतलेले काम या पार्श्वभूमीवर वाचायला हवे. छातीविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, समाजसेवक, स्वतः रुग्ण आणि त्यांना सांभाळणारी माणसे इथे एकत्र लिहीत आहेत. मराठीत दमा आणि आहारविहार यांवर पुस्तके आहेत. आजारासोबतच्या जगण्याचा आणि मनाचा इतक्या बाजूंनी विचार करणारे पुस्तक हवे होते. इथे वैद्यकीय माहिती आहे, पण सगळा रोख एका प्रश्नावर आहे : आजार जाणार नाही हे मान्य केल्यावर चांगले कसे जगता येईल? सांभाळणाऱ्यांना इथे स्वतंत्र जागा आहे, आणि ती योग्यच आहे. रात्री दोनदा उठून नवऱ्याच्या श्वासाचा कानोसा घेणारी बायको, कामावर असताना फोन वाजला की दचकणारा मुलगा, यांची झोप आणि यांची धास्ती कुठल्याच केसपेपरवर नसते. कामभावना, नोकरी, पैसा, मरणाची चर्चा, या आपल्या घरांत टाळल्या जाणाऱ्या विषयांना लेखकांनी बगल दिलेली नाही. जिथे पुरावा पक्का आहे तिथे ते ठामपणे बोलतात, जिथे चाचण्यांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत तिथे तसे सांगतात. कोणत्याही एका उपचारपद्धतीची भलामण करण्याचा मोह त्यांनी टाळला आहे.

हे पुस्तक डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊ पाहत नाही. ते सलग वाचायलाच हवे असेही नाही. ज्याला धाप लागते त्याने आपल्या अनुभवाशी जुळणारे पान आधी उघडावे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने मात्र रुग्णांनी लिहिलेला भाग आधी वाचावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण तो भाग त्याच्या अभ्यासक्रमात नाही.

शेवटी वाचकांना विनंती. तुम्हाला किंवा घरात कोणाला जुनाट धाप असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना खोकल्याबरोबर झोप सांगा, भीती सांगा, काय काय करणे सोडले ते सांगा. ते लाजण्याजोगे नाही. ती या आजाराची लक्षणे आहेत आणि त्यांवर उपाय आहेत. जगणे नकोसे झाल्याचा विचार मनात येत असेल, तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी घरच्यांना किंवा १४४१६ वर सांगा. आणि वाचक डॉक्टर असतील, तर स्पायरोमेट्रीचा कागद हातात घेण्याआधी समोरच्या माणसाला एकदा विचारा, ‘दिवस कसा जातो?’ उत्तर ऐकून घ्या आणि केसपेपरवर लिहा.